हार धरणारा दगड

मी दगड बोलतोय. देव नाही, हे आधीच सांगतो, कारण याच एका चुकीपायी माझी ही गत झाली.

आठशे वर्षांपूर्वी एका पाथरवटाने मला कोरलं, आकाशात उडणारा विद्याधर म्हणून. मोठ्या देवाच्या डोक्यावर हार धरायचा, एवढंच माझं काम. पुढे देऊळ पडलं, देव गेला, माझं नाक गेलं. हार तेवढा हातात राहिला.

सुरतेजवळ इच्छापोरला कारखान्याचा पाया खणताना मी रामदास या मजुराच्या फावड्याला लागलो. त्याने मला गमछ्यात गुंडाळून गोडादरा वस्तीतल्या आपल्या खोलीत आणलं.

"योग्या, देख, देव उना आपला घर."

"हाऊ देव? त्याले नाक कोठे शे?" धाकटा भाऊ योगेश हसला.

"तुले तरी कोठे शे?"

दर मंगळवारी रामदास तेलात शेंदूर कालवून मला लावायचा. माझे डोळे बुजले, तोंड बुजलं, हारही बुजला. स्वतःसाठी त्याने कधी काही मागितलं नाही. "मना योग्याले सांभाळजो," एवढंच म्हणायचा. खोटं कशाला बोलू, ती पूजा मला आवडू लागली होती.

मग एका इमारतीच्या परांचीवरून रामदास पडला. घरी आला तो पांढऱ्या कापडात.

शेजारच्या धुरपदाबाई दारातूनच म्हणाल्या, "त्यानी नाक तुटेल देव घरमा ठेवा. मंग काय होई?" दर मंगळवारी माझ्यापुढचं खोबरं मागून नेणाऱ्या त्याच.

दहावा झाला आणि योगेशने मला तापीकाठी पिंपळाखाली आणलं. लोक नको झालेले देव इथे ठेवतात.

"भाऊ तुले हात जोडे. तू काय करं?" म्हणत त्याने हातोडा घातला.

मी फुटलो नाही. शेंदराची जाड खोळ तेवढी सुटून पडली. दुसरा घाव घालायला त्याने हात उचलला आणि तसाच राहिला. खोळीवर रामदासची चार बोटं उमटली होती, शेवटच्या मंगळवारची. योगेशने त्यांत आपली बोटं ठेवून पाहिली. भावाची मोठी होती.

अंगातला शर्ट काढून त्याने ती खोळ गुंडाळली, छातीशी धरली आणि गेला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आता मी फुटक्या तसबिरींत पडून आहे. परवा एक बाई माझ्यापुढे उदबत्ती लावून गेली. बाई, माझ्याकडे काही मागू नका. माझ्या हातात फक्त हार आहे. तो ज्याच्या डोक्यावर धरावा असा माणूस मला एकच भेटला, आणि त्याच्या वेळी माझे हात शेंदरात होते.