टेकलेल्या शेपटीचं माप

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सकाळी कोडियाक बंदराच्या धक्क्यावर धुकं नव्हतं. गावाकडची खिंडही मोकळी आहे, असं आईने रेडिओवर कळवलं होतं. फादर मकारींना विमानातून गावी न्यायचं काम माझं. त्यांच्याशिवाय बाबांची प्रार्थना होणार नव्हती, आणि ती त्याच दिवशी व्हायला हवी होती.

मी धक्क्यालगत पाण्यावर उभ्या विमानाच्या पंखावर चढले, टाकीचं झाकण काढलं आणि बाबांची लाकडी मापपट्टी आत सोडली. विमानातल्या पेट्रोलच्या काट्यांवर आमच्याकडे कुणी भरवसा ठेवत नाही. पट्टी ज्या खाचेपर्यंत ओली होईल, तेवढं पेट्रोल. पट्टीच्या मते जाऊन येण्यापुरतं होतं, वर थोडं उरतही होतं. गावात पेट्रोल मिळत नाही.

घड्याळ वेगळं सांगत होतं. टाक्या भरल्यापासून किती वेळ उडाले ते मला ठाऊक होतं, तासाला किती जळतं तेही. त्या हिशेबाने मी परत पोचत नव्हते.

"काय अडलं गं?" एल्मरकाकांनी खालून विचारलं. ते इंजिनं दुरुस्त करतात; बाबांचे लहानपणापासूनचे मित्र.

"पट्टी जास्त दाखवतेय."

"तुझ्या बापाची, झखारची पट्टी? अगं, तो बायकोचा वाढदिवस विसरायचा, पेट्रोल नाही."

फादर मांडीवर प्रार्थनेच्या पावांची पेटी घेऊन आत बसलेच होते. "पोरी, मी आता उठलो तर परत बसवायला क्रेन लागेल."

"तुम्ही उठलात तर विमान वीतभर वर येईल, फादर," काका म्हणाले.

मी पट्टी पुसून पुन्हा बुडवली. तीच खाच. बाबांच्या चाकूची. आजच्या दिवशी तिच्यावर शंका घ्यायला मन तयार होईना.

मग माझं लक्ष शेपटीकडे गेलं. बाबा आयुष्यभर चाकांवर उडाले. चाकांवर हे विमान नाक वर करून, शेपूट जमिनीला टेकून उभं राहतं. टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं आणि पुढच्या झाकणापाशी पातळी उतरते. खाचा त्या उतरलेल्या पातळीच्या होत्या. चाकं काढून पाण्यावर तरंगणारे फ्लोट मी बसवले, बाबा अंथरुणाला खिळल्यावर. पाण्यावर विमान सपाट बसतं, तेवढंच पेट्रोल झाकणापाशी उंच दिसतं. आजवर एकटीच उडत होते, टाक्या काठोकाठ भरायचे, म्हणून कळलं नाही.

काकांना सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. "म्हणजे झखार चुकला नाही."

"नाही. पण ही पट्टी इथे चालणार नाही."

"अंदाजाने दोन डबे ओत आणि चल," फादर म्हणाले. "लोक वाट बघतायत."

"किती कमी आहे तेच माहीत नाही, फादर. जास्त ओतलं तर तुम्हाला घेऊन विमान पाण्यावरून उठणार नाही. कमी पडलं तर—"

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले आणि पेटी बाजूला ठेवून उतरायला लागले.

टाक्या मोजून रिकाम्या केल्या. गावाहून निघताना मोजायला पट्टी लागणारच होती, म्हणून काकांनी एक नवी कापून दिली. मापाचा एकेक डबा ओतायचा, पट्टी बुडवायची, खाच पाडायची. घाई करून चालत नाही. पेट्रोल हलायचं थांबेपर्यंत वाट बघावी लागते. पहिली टाकी होत आली तेव्हा रेडिओवर आईचा आवाज आला. खिंडीत धुकं उतरलं होतं.

"आई, आज येता येणार नाही."

मग तिने विचारलं, "किती कमी निघालं?"

"परतताना खिंडीच्या अलीकडेच संपलं असतं."

"बरं झालं थांबलीस." मग म्हणाली, "फादरना म्हणावं, तिथेच करा. आम्ही इथे गातो आणि जेवायला बसतो. चाळीस माणसं आली आहेत, मासा गार होतोय."

फादरांनी धक्क्यावर पेटी उघडली, पाव मांडले आणि प्रार्थना गायला सुरुवात केली. एल्मरकाकांनी टोपी काढली. टाकी उघडी होती, म्हणून मी पंखावरच गुडघे टेकले. त्यांचं गाणं संपेपर्यंत पातळी स्थिरावली होती. मी खाच पाडली.