सगळ्यांचा श्वास अठरा

इचलकरंजीचा माणूस हळू बोलला की मी कान टवकारते. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं ती, पाणी मागितलं तरी अख्खा वॉर्ड उठून बसतो. आमचे बाळासो तर त्यातले मुकादम! अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले आणि सुरू. "ओ रत्ना सिस्टर, चहा हाय का न्हाय?" सतरांदा सांगितलं, अहो, मला ऐकू येतंय की!

तिसऱ्या दिवशी दुपारी ते हळूच म्हणाले, "सिस्टर... पाणी."

त्यांची बायको विठाबाई खुशीत होती. "आज कसं शानं झाल्यात बघा. उतार पडला."

मी तक्ता उघडला. ताप थोडा, नाडी जरा जास्त. श्वास मिनिटाला अठरा. सकाळी अठरा, काल अठरा, परवा अठरा. आमच्या वॉर्डात सगळ्यांचाच श्वास अठरा असतो, कारण मेलं कुणी मोजतच नाही, वरचा आकडा खाली उतरवतात. त्यातले दोन अठरा माझ्याच अक्षरातले होते. लाज वाटली मला.

घड्याळ धरलं आणि छातीकडं बघत पुरता मिनिटभर मोजलं. चौतीस.

ड्यूटीवरच्या डॉक्टर अनेकांतना फोन लावला. "राउंड संपवून येतो. बीपी बरं आहे ना?"

"बीपी पडल्यावर काय हार घालायला येणार? आत्ता या. न्हाय आलात तर मी थेट आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावते."

फोन ठेवला, ऑक्सिजन लावला.

पाच मिनिटांत ते आले, तोंड फुगवून. पोटाला हात लावला आणि तोंड उतरलं. "आत पू झालाय. लगेच ऑपरेशनला हलवा."

"अवो, पण आज बरं हुतं की!" विठाबाईनं माझा हात घट्ट धरला. तशीच तिला धरून स्ट्रेचरमागं चालत गेले.

पोट पुन्हा उघडावं लागलं. पाच दिवस आयसीयूत गेले.

सहाव्या दिवशी मी एका म्हातारीचा श्वास मोजत होते. चाळीस सेकंद झाले असतील, तेवढ्यात दारातून आत येणाऱ्या स्ट्रेचरवरून आरोळी आली, "ओ रत्ना सिस्टर! चहा हाय का न्हाय?"

वॉर्ड दचकला. माझा आकडा चुकला, डोळे भरून आले.

"वरडा," मी म्हटलं, "आणखी मोठ्यानं वरडा."

आणि म्हातारीचा श्वास पुन्हा एकपासून मोजायला घेतला.