तीस सेकंद उजेड

उजेडाच्या रेषांचा फोटो काढायला मल्लेशनं प्लॅस्टिकच्या पाइपवर वीस एलईडी बसवले, सेल जोडले आणि भरदुपारी घरामागचं गुळाचं कोठार बंद करून अंधार केला. कॅमेऱ्याचं शटर तीस सेकंद उघडं ठेवलं. बायको पवित्रा पेटता पाइप फिरवत भिंतीपर्यंत जाऊन आली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला आणि मल्लेशनं तो मोठा करून बघितला. उजेडाच्या रेषा झकास आल्या होत्या. सतत हलणारी पवित्रा कुठंच उमटली नव्हती. पण ढेपांमागं, तोंडात गूळ धरून, भीतीनं थिजून उभे राहिलेले आप्पा लख्ख आले होते. त्याचे वडील! दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, पवित्राच ज्यांचं हागणं-मुतणं काढत होती ते!

पवित्रानं फोटो बघितला, पाइप खाली ठेवला आणि ढेपांकडं वळून ओरडली, "मामंजी, संडास परसात हाय. चालत जावा!"