नाचघरातल्या खुर्च्या

मी एक जुने व्हायोलिन आहे, मित्रांनो. एमिल कुबेनाच्या आजोबांनी मला बोटीतून टेक्सासला आणले, असे घरात सांगत. मला आठवतो तो एमिलच. छातीशी मी, मागे सहा जणांचा बँड आणि गावच्या नाचघरातली रविवारची लांबलचक दुपार.

नाचघर अल्बिनाबाई सांभाळत. बूट छान सरकावेत म्हणून त्या जमिनीच्या लाकडी फळ्यांवर मक्याचे पीठ भुरभुरवत. एमिल गायचा, मला वाजवायचा आणि बँडमधल्या ज्याच्याकडे माझा गज रोखायचा, त्याची एकट्याने वाजवण्याची पाळी. टाळ्या क्वचितच पडत. सगळेच नाचत असताना टाळ्या कोण वाजवणार? त्या दुपारी मला अजून स्वप्नात ऐकू येतात.

पुढे शहरातल्या रेकॉर्डवाल्यांना एमिलचा गळा आवडला. वाजवू नकोस, नुसता गा आणि संथ गा, असे त्यांनी सांगितले. त्याने ऐकले. रेडिओवर त्याचे नाव झाले आणि मी चार वर्षे पलंगाखाली पेटीत पडून राहिले. खरे सांगते, मला फार वाईट वाटले.

मग एमिल गावच्या नाचघरात गायला आला. मला त्याने जुन्या सवयीने गाडीत टाकले होते आणि गाडी नाचघराच्या उघड्या दारासमोरच उभी होती. शहरासारख्या खुर्च्या मांडून ठेवा, असा निरोप त्याने आधीच धाडला होता. लोक शहाण्यासारखे बसले. प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या गाण्याला मागची माणसे हळूच उठून जाऊ लागली. आपलीच माणसे आपल्याला पाहुणा समजताहेत, हे एमिलला कळले.

अल्बिनाबाईंनी आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

“गळा गोड आहे रे पोरा,” त्या म्हणाल्या. “पण आम्हाला असं बसवलंस कशाला? मयताला आलोय का आम्ही?”

“शहरात असंच ऐकतात, बाई.”

“मग शहरात गा. इथे वाजव.”

एमिलने गाडीतून मला आणले. सुरात लावतानाच माझी एक तार तुटली. उरलेल्या तीन तारांवर त्याने वॉल्ट्झ नाचाची धून धरली आणि खुर्च्या भराभर बाजूला झाल्या. गाता गाता एमिल रडत होता. कुणी पाहिले नाही, सगळे नाचत होते.

आता एमिल नाही. त्याच नाचघरात मी काचेच्या कपाटात आहे. काच रोज पुसतात, येणारे फोटो काढतात. मानाने ठेवले आहे, तक्रार कशी करू? पण काचेबाहेर रविवारी दुसरा बँड वाजत असतो आणि मी आत गप्प असते. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी वाजवायला शिकत असेल, तर कपाटाचे हे कुलूप काढायला सांगा. बेसूर वाजवलेत तरी चालेल.