तहसीलदाराचे बैल कोंडवाड्यात

त्रेसष्ट सालच्या श्रावणात माझ्या तोंडाला कोणी मुसकं बांधलं असतं तर बरं झालं असतं. मी खुशालराव, नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावाचा सरपंच. झाडं लावायच्या सरकारी योजनेचा एक साहेब आला आणि आमचं ऐंशी एकरांचं गायरान पाहून म्हणाला, "इथं कोणाची जनावरं चरतात?"

आमची रीत अशी की पेरणीपासून कोजागरीपर्यंत गायरान राखायचं. एक ढोर आत सोडायचं नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ज्यांना शेत नाही त्यांनी आधी गवत कापायचं, बाकीच्यांनी मागून. या रीतीचा मला मोठा अभिमान. छाती फुगवून म्हणालो, "सायेब, गाय सोडा, शेळीबी तिकडं तोंड करत नाई!"

साहेबाने तेवढंच लिहून घेतलं. थोड्याच दिवसांत कागद आला. जमीन कोणाच्या वापरात नाही, सबब तारेचं कुंपण घालून झाडं लावायची, पंधरा वर्षं आत कोणी जायचं नाही. झाडांनी हवा सुधारते, देशाचं भलं होतं, असंही त्यात होतं. झाडांशी आमचं काय वैर? पण गवत गेलं तर जाईबाईनं काय करायचं?

जाईबाई बौद्ध वस्तीतली. नवरा नाही, शेत नाही. एक म्हैस, आणि तिच्या दुधावर दोन पोरींची शाळा. कागद ऐकून ती मला म्हणाली, "खुशालराव, मी तुमचं काय घोडं मारलं होतं? आता म्हैस बडनेऱ्याच्या बाजारात नेऊ का?" 

मी तक्रारीचा अर्ज केला. तहसीलदारांचं चौकशीला यायचं ठरलं, पण तेही भादव्यात! गायरान तेव्हाही रिकामंच राहणार. जाईबाईचा दीर डोमाजी म्हणाला, "त्या दिवशी सारी ढोरं आत हाकलू. पाहू दे सायेबाले." मीही मान डोलावली. जाईबाई उसळलीच. "राखण मोडून राखण वाचवता का? ढोर आत दिसलं तर कोंडवाड्यात घालीन, मंग कोनाचंबी असो."

तहसीलदार दमणीतून आले. लिंबाखाली माझ्याशी बोलत बसले. गाडीवानाने बैल सोडले आणि ते शिरले थेट गायरानात. जाईबाईने पदर खोचला, दोन्ही बैल हाकत आणले आणि आमच्यासमोरून नेऊन कोंडवाड्याचं फाटक लावलं.

"अवं बाई, तहसीलदार सायेबाचे बैल हायेत ते!" गाडीवान ओरडला.

"मंग सायेबाले सांग, कोजागरीनंतर एक दिवस गवत कापाले ये. हाच दंड हाय. खुशालरावाचा गोऱ्हा शिरला तवाबी हाच होता."

आता मेलो, असं मला वाटलं.

तहसीलदारांनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरं आहे हे?"

"खरं हाय सायेब. दिवसभर कापलं. चार दिवस कंबर धरली होती."

ते उठून गायरानात गेले. गवत त्यांच्या कमरेला लागत होतं आणि भोवती कुंपणाची साधी काटीही नव्हती. परत येऊन त्यांनी मांडीवरच कागद घेतला आणि लिहिलेलं मला वाचून दाखवलं. जमीन पडीक नाही, गाव ती नियमाने राखतो आणि वापरतो. खुद्द तहसीलदारांचे बैल या नियमाखाली आज अडकले आहेत. कुंपणाचा विचार सोडावा. झाडं लावायचीच तर नाल्याच्या काठाने, गावाला विचारून लावावीत.

बैल सुटले. दंडाला साहेब काही आले नाहीत, गाडीवानाला धाडलं. त्याला विळा धरता येत नव्हता.

अमरावतीहून पक्का हुकूम आला दिवाळीच्या तोंडावर. तो घेऊन मी तडक जाईबाईच्या दारात गेलो. गायरान गावाकडेच राहील, असं त्यात होतं. ती म्हणाली, "अजून एकदा वाचा." मी पुन्हा वाचलं. ती ओट्यावर बसली.

"म्हंजे म्हैस राहिली," ती म्हणाली आणि रडू लागली. सरपंच असून मीही तिच्या दारात उभ्याउभ्या रडलो.