नव्या विस्तवाचं पाणी

'पाणी उकळून प्या' असं माणसाला सांगण्याइतकं सोपं काम जगात नसेल, असं मला वाटायचं. मोहाटोल्याला गेलो आणि ती गुर्मी दोन दिवसांत उतरली.

साल एकोणीसशे तीस. मी केशोराव, आरोग्य खात्यातला नवाकोरा इन्स्पेक्टर. हा सगळा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. मोहाटोला म्हणजे तिथल्याच एका प्रतापगडाच्या बाजूच्या जंगलातलं चाळीस घरांचं गोंडांचं गाव. चैत्रात तिथे हैजा, म्हणजे कॉलरा, शिरला आणि आठवड्यात नऊ माणसं गेली. माझ्या पिशवीत औषधाच्या बाटल्या होत्या आणि छापील हुकूम होता: पाणी उकळून प्यावे, जमाव करू नये, पूजापाठ बंद ठेवावेत, न ऐकणाऱ्याची ठाण्यात वर्दी द्यावी.

मी दारोदार घसा फोडत फिरलो. लोक माना डोलवायचे आणि बोडीचं, म्हणजे गावातल्या लहान तळ्याचं पाणी तसंच प्यायचे. शेवटी एका अंगणात मीच तीन दगड मांडले आणि पाण्याचा हंडा चढवला. आतून एक बाई रडत धावली आणि तिने तो हंडा लाथेने उलथा केला. माझं डोकंच फिरलं.

ती बायजाबाई. तिचा नवरा सुखराम तीन दिवसांपूर्वी गेला होता, आणि आता सहा वर्षांची मंगली जुलाबांनी खाटेला लागली होती. तिचा सासरा पतिराम गावचा भुमक, गावदेवाची पूजा त्याच्याकडे. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "साहेब, अंगनात पानी कवा तापवते मानूस? मुडदा धुवाले. तुम्ही जित्या पोट्टीसाठी तापवून राहिले."

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पतिराम प्रत्येक छपरावरची एकेक काडी उपसत चाललेला.

"हे कायले?" मी विचारलं. चिडलो की माझ्याही तोंडात तिथलीच बोली यायची.

"गावचा इस्तो बाटला जी. समदे चुले विझवाचे. या काड्यायवर, बांबू घासून, नवा इस्तो काढाचा. मंग तोच घरोघरी न्यावाचा. आज समदा गाव देवापाशी जमन."

जमाव आणि पूजा, दोन्ही एकदम! मी वर्दीची वही काढली आणि पतिरामचं नाव लिहिलंसुद्धा. उद्या शिपाई येतील, म्हाताऱ्याला नेतील, आणि सगळं गाव जंगलात पांगेल. सोयऱ्यांच्या गावी जाताना रोगही सोबत नेईल. हे मला पेन्सिल हातात असतानाच दिसत होतं. वही मिटून मी विचारलं, "त्या नव्या विस्तवावर पहिलं काय चढवता?"

"देवाचा भात."

"पाणी चढवलं तर?"

पतिरामने काड्यांची जुडी खाली ठेवली. मग म्हणाला, "नव्या इस्त्यावर जे चढते ते देवाचं. त्याले मुडद्याचं कोन म्हनल?"

मग आमचा सौदा झाला. मी म्हणालो, गर्दी नको. ज्यानं त्यानं आपल्या दारात उभं राहायचं आणि विस्तव पतिरामनं घरोघर पोचवायचा. तो कबूल झाला. त्याची अट एकच, गावात एकही विस्तव जळता राहू नये. "तुमचाही," तो म्हणाला. मी हो म्हणून टाकलं. हो म्हणायला माझं काय जात होतं?

चार माणसं आळीपाळीने बांबूवर बांबू घासत होती. खाली सावरीचा कापूस ठेवला होता. दुपार झाली. धूर निघायचा, पण जाळ होईना. दारादारांत उपाशी माणसं ताटकळत होती. मंगलीचे डोळे खोल गेले होते आणि ती सारखी पाणी मागत होती. बोडीचं पाणी पाजू नको, हे मीच बजावलं होतं, आणि बायजाबाईने ते पाळलं होतं. माझ्याच्याने ते बघवेना. मी माझ्या मुक्कामी, कोतवालाच्या पडवीत गेलो, दार लोटलं, आपला स्टोव्ह पेटवला आणि त्यावर पातेलं ठेवलं.

औषध न्यायला आलेल्या बायजाबाईने स्टोव्हची फरफर ऐकली आणि दार ढकललं.

"याच्यापाईच इस्तो येऊन नाई राहिला," ती म्हणाली.

"अगं, तुझ्याच मंगलीसाठी उकळतोय! दहा मिनिटं थांब."

तिने पातेल्याकडे पाहिलं. ती नजर मी आजही विसरलेलो नाही. मग ती म्हणाली, "आज तुम्ही माया पोट्टीले पाजसाल. उद्या तुम्ही चालले जासाल. मंग गावच्या समद्या पोट्ट्यायले कोन पाजन? विझवा."

मी चावी फिरवली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तसाच तडक देवापाशी गेलो आणि चारचौघांसमोर सांगून टाकलं, "माझा विस्तव जळत होता. आता विझवलाय." पतिराम रागावला नाही. त्याने बांबूचं एक टोक माझ्याकडे सरकवलं.

"घासा."

मी घासलं. तळहातांना फोड आले. बांबू सकाळपासून तापला होता आणि वाराही पडला होता, तेव्हा जाळ तसाही झालाच असता, असं मी आजही म्हणतो. पण कापसाने पेट घेतला तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो, हेही खरं.

पहिलं चढलं ते पाणी. ते खळखळा उकळल्यावर पतिराम विस्तव घेऊन दारोदार निघाला आणि पहिल्याच दारात त्याने बजावलं, "पाच दिस या इस्त्यावर तापलेलंच पानी प्यावाचं. दुसरं जो पेल त्याले देव पाहून घेईल."

"पाच नाही, पंधरा!" मी म्हणालो.

"देवाचे पाचच राहतात जी. पुढचे दहा सरकारचे. ते तुम्ही पाहा."

झालं! सरकारचं ऐकतो कोण?

मंगलीला आम्ही निवलेलं पाणी चमच्याचमच्याने पाजत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली आणि बायजाबाई पहिल्यांदा हसली. त्या पाच दिवसांत आधीच आजारी असलेली दोन माणसं गेली. नवं कोणी पडलं नाही.

सहाव्या दिवशी उजाडताच मी भांडायच्या तयारीनेच बाहेर पडलो. हुकुमाचा कागद हातात, घसा साफ केलेला. पाहतो तर अंगणाअंगणात धूर. बायजाबाई हंड्याखाली लाकूड सारत बसली होती, आणि तिच्या पाठीला टेकून मंगली बसली होती.

"काऊन बाई?" मी विचारलं. "देवाचे पाच दिवस संपले ना?"

"संपले न," ती म्हणाली. "आज तुमचा पयला."