टेबलावरच्या कुऱ्हाडी

जेवायच्या टेबलावर कुऱ्हाडी पसरल्या होत्या, म्हणून त्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको ओट्याशी उभ्याने जेवलो. एक कुऱ्हाड मोठी, एक हातभर दांड्याची आणि एक इतकी बारीक, की तिने फार तर साबण कापावा. शिवाय सुऱ्या, मिटते चाकू, दोन करवती, एक कोयता आणि धार लावायचे दगड. दगड नेमके माझ्या चांगल्या टेबलक्लॉथवर. मी तोंड उघडलं की नवऱ्याचं उत्तर तयार असायचं, अजून ठरायचंय म्हणून.

आणि ठरायचं काय होतं, तर रविवारी रानात जाताना बरोबर कोणतं हत्यार न्यायचं. लोकांची लग्नं याच्यापेक्षा लवकर ठरतात.

रानात जायचं होतं ते लेकीसाठी. तिला आम्ही अजून बारकी म्हणतो, ती बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी. ती सलूनमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या मानेवर वस्तरा फिरवते. तिला परदेशात नोकरी लागली होती आणि सोमवारी ती निघणार होती. जाण्याआधी तिने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. बाबाने तिला एकदा रानात न्यायचं आणि पूर्वी अर्धवट राहिलेलं सगळं नीट शिकवायचं: वाळकं लाकूड कसं ओळखायचं, ते कसं फोडायचं, ओल्या हवेत चूल कशी पेटवायची, फांद्यांचा आडोसा कसा करायचा. तिकडे तिच्या घरामागेच मोठं रान होतं आणि सुट्टीच्या दिवशी ती त्यात हिंडणार होती. बाबाने शिकवलं तरी जाणार, नाही शिकवलं तरी जाणार, हे तिने मला आधीच सांगून टाकलं होतं.

पूर्वी अर्धवट का राहिलं, तेही सांगते. बारकी शाळेत असताना हा तिला दर सुट्टीला रानात न्यायचा. एकदा लाकूड फोडताना तिच्याच हातातली कुऱ्हाड निसटली आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटाचं एक पेर गेलं. हा तिला उचलून रस्त्यापर्यंत पळत आला. जखम भरली, पोरगी विसरली, त्या तोकड्या बोटाने कंगवा धरून नाव कमावलं. हा मात्र त्या दिवशी सगळी हत्यारं पेटीत घालून माळ्यावर टाकून आला, आणि त्यानंतर रानाचं नाव काढलं नाही. ज्या माणसाचा घरात पाय ठरत नव्हता, तो सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसून समोरच्या इमारतीची गच्ची बघायला लागला.

म्हणून बारकीने विचारल्यावर तो हो म्हणाला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की पेटी खाली काढायला मीच स्टूल धरलं. मला काय ठाऊक, की मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेय!

मोठी कुऱ्हाड जड, तिचा तोल जातो, म्हणून बाद. छोटी हलकी, ती लाकडावरून उडते, म्हणून बाद. मिटता चाकू बोटावर मिटतो. न मिटणाऱ्या सुरीच्या मुठीपुढे आडवी पट्टी नाही, हात पात्यावर घसरू शकतो. मग पट्टीवाली सुरी आणली, तर तिची मूठ गुळगुळीत निघाली. करवत बरी, पण करवतीने लाकूड फुटत नाही, नुसतं तुटतं. कोयत्याचा दांडा जुना. दांडा नवा बसवून आणला, तर नवा दांडा अजून मुरलेला नाही! जन्मभर या माणसाने लिफ्ट तपासल्या. दोर तीनदा बघितल्याशिवाय कागदावर सही केली नाही, हे मला मान्य आहे. पण लिफ्टसुद्धा शेवटी चालू करावी लागते ना? मी दिवसभर वीज कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीत बसते, लोकांच्या शिव्या खाते, आणि घरी येऊन पुन्हा कुऱ्हाडीच्या दांड्याची तक्रार ऐकायची. माझ्या नाकी नऊ आले होते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. पण हा फुंकतच बसला होता आणि रविवार येऊन ठेपला होता. शुक्रवारी मी त्याला सरळ सांगितलं, की डोळे मिटून एक उचला, नाहीतर मी उचलते. कापड घेऊन त्याने पुन्हा पाती पुसायला घेतली. एवढा राग आला होता मला, की दूध उतू गेलं तरी मी तशीच उभी.

शनिवारी संध्याकाळी मात्र ठरलं. मधली कुऱ्हाड, घडीची करवत आणि एक साधी सुरी, तिन्ही कापडात गुंडाळून पिशवीत गेली. बारकी एवढी खूश झाली, की तिने बापाचे केस कापून दिले, तेही फुकटात. मी टेबल पुसलं आणि आम्ही बसून जेवलो.

रविवारी सकाळी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत रानात. मी जाणार नव्हते, पण ऐनवेळी गेले. म्हटलं, याने वाटेत पुन्हा काही काढलं तर बघायला कोणीतरी हवं. एका मोकळ्या जागी वठलेलं झाड पडलं होतं. बारकीने त्याचा तुटलेला एक ओंडका सरळ उभा केला, बाह्या सरसावल्या आणि पिशवी उघडली. आतून दोरी निघाली, किटली निघाली, ताडपत्री निघाली, आणि आख्ख्या इस्पितळाला पुरतील इतक्या मलमपट्ट्या निघाल्या. कापडाची गुंडाळी नव्हती.

नवरा म्हणाला, की राहिलेली दिसते घरी.

हा माणूस गॅस बंद केला का ते बघायला तीनदा परत येतो. हा विसरत नाही. सकाळी आमच्या आधी उठून याने ती गुंडाळी बाहेर काढून ठेवली होती, हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरूनच कळत होतं. मी कपाळावर हात मारला. तोंडात आलं होतं ते बोलणारच होते, तेवढ्यात बारकी बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, बोट माझं होतं," ती म्हणाली. "किती घाबरायचं, ते मी ठरवीन. तू जा आणि कुऱ्हाड घेऊन ये. मी इथेच बसते."

आवाज चढवला नव्हता तिने. गिऱ्हाइकाला मान सरळ ठेवा म्हणून सांगावं, तसंच सांगितलं. तो वळला आणि वाटेला लागला.

मी म्हटलं, झालं, आता हा येत नाही. घरी जाऊन खिडकीत बसेल आणि बस चुकली म्हणून सांगेल. बारकी पडलेल्या खोडावर बसून तिकडच्या घराबद्दल बोलत होती, खोली किती लहान आहे, थंडी किती असते. मी हं हं करत होते आणि वाटेकडे बघत होते. मला त्याचा इतका संताप आला होता, की तो समोर असता तर मी त्याला धरून हलवलं असतं. पोरगी उद्या जाणार, आणि हा माणूस तिला नाही म्हणायलासुद्धा घाबरून पळून गेला!

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो आला. घामाघूम, शर्ट पाठीला चिकटलेला, काखेत कापडाची गुंडाळी. धापा टाकतच त्याने ती उलगडली आणि मधली कुऱ्हाड काढली. पातं आपल्याकडे ठेवून दांडा तिच्या हातात दिला, आणि मग शिकवायला लागला. उभ्याने मारायची नाही, गुडघ्यावर बसायचं, म्हणजे घाव चुकला तरी जमिनीत जातो, पायावर येत नाही. लाकूड हाताने धरायचं नाही, दुसऱ्या काटकीने धरायचं. बारकी एकेक गोष्ट करून दाखवत होती आणि तो मान हलवत होता.

मग तो चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, मार.

मी त्याच्याकडे बघत होते, हा तोंड फिरवतो का ते बघायला. नाही फिरवलं. बारकीने कुऱ्हाड वर उचलली आणि कुणीतरी जोरात ओरडलं, "नको!"

ओरडले मीच होते. माझे दोन्ही हात तोंडावर होते आणि डोळे गच्च मिटलेले. उघडून बघते तर दोघंही माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटली आणि रडूही आलं. इतकी वर्षं मी याला भित्रा म्हणत आले होते.

तो येऊन माझ्याजवळ खोडावर बसला आणि त्याने माझा हात धरला.

"बघ तू," तो म्हणाला. "नाही बघितलं की जास्त भीती वाटते."

बारकीने घाव घातला. लाकूड फुटलं नाही, कुऱ्हाड त्यातच रुतून बसली. ती दांडा धरून हलवायला लागली, निघेना, तिने लाकडाला गुडघा टेकवून पुन्हा ओढलं. त्याचा हात घामाने ओला झाला होता आणि त्याने माझी बोटं दुखेपर्यंत दाबली होती. पण तो उठला नाही. मीही उठले नाही.